पंधरा रुपयांचं लायसन

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. ज्यांच्या घरी बैठक होती त्या आजींनी नेमकी त्याच दिवशी पत्र्याची जुनी पेटी आवरायला काढली होती. त्यातून सातबाऱ्याच्या पिवळ्या पडलेल्या नकला निघाल्या, कुणाचा तरी शाळेचा दाखला निघाला आणि कोपरे कुरतडलेलं एक छोटं पुस्तक निघालं. पोस्टाच्या पासबुकासारखं. आत दर वर्षाचं एक तिकीट चिकटवलेलं आणि त्यावर पोस्टाचा शिक्का. ते होतं रेडिओचं लायसन.

तरुण मुलींना खरंच वाटेना. एक म्हणाली, "रेडिओ ऐकायला लायसन? तो काय रस्त्यावर चालवायचा होता?" सगळ्या हसल्या. आजी मात्र हिशेब सांगू लागल्या. "तिकीट पंधरा रुपयांचं. तेव्हा बाईला रोज मिळायचा अडीच रुपये. म्हणजे सहा दिवस भांगलण केली की वर्षभराचा रेडिओ. आणि ऐकायचं कुणी? ह्यांनी आणि ओट्यावर बसणाऱ्या ह्यांच्या मित्रांनी. मला चुलीपाशी ऐकू येईल तेवढं माझं."

"आता बरं झालं की, फुकट आहे," कुणीतरी म्हणालं. त्यावर आमच्या गटाच्या सचिव ताई, ज्या दोन रुपयांचा फरक आला तरी वही बंद करू देत नाहीत, त्या म्हणाल्या, "फुकट कसलं? सरकार देतं म्हणजे आपणच देतो. आणि का द्यायचं? मोबाइलवर सगळं मिळतं. आकाशवाणी ऐकतं कोण? तेच पैसे एसटीला द्या, आमच्या वाडीला एक फेरी वाढेल."

माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं. घरी आले, बीएला इतिहास होता त्या वेळची सवय कामाला लावली, वाचनालयातून पुस्तकं आणली. आजचं बोलणं त्यातूनच तयार झालं आहे.

पहिली गोष्ट ही कळली, की ताईंचा प्रश्न नवा नाही. आपल्या देशात रेडिओ जेमतेम चार वर्षांचा होता तेव्हाच तो विचारला गेला होता, आणि तेव्हा उत्तरही आलं होतं, "बंद करा."

झालं असं. २३ जुलै १९२७ला मुंबईत आणि पुढच्याच महिन्यात कलकत्त्यात रेडिओ केंद्र सुरू झालं. ते सरकारचं नव्हतं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाची खासगी कंपनी होती. रेडिओ ठेवणाऱ्याने वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क द्यायचं, त्यातला ऐंशी टक्के वाटा कंपनीला मिळायचा. शिवाय परदेशातून येणाऱ्या रेडिओ संचांवरही कंपनीला काही मिळत असे. पण कंपनीने उभ्या केलेल्या सुमारे सहा लाखांच्या भांडवलातले साडेचार लाख दोन केंद्रं बांधण्यातच गेले. पापडाचं यंत्र घेण्यात सगळं कर्ज संपवून उडदाच्या डाळीला पैसा न उरलेले गट मी पाहिले आहेत, त्यामुळे हे वाचून मला कंपनीची कीवच आली. देशभरात परवान्यांची संख्या तीन वर्षांत आठ हजारांच्या आत राहिली. चोरून ऐकणारे वेगळे. १९३०च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली.

लोकांनी आणि व्यापाऱ्यांनी गळ घातली म्हणून १ एप्रिल १९३०पासून सरकारने दोन वर्षांच्या बोलीवर दोन्ही केंद्रं ताब्यात घेतली. तेव्हा जगभर मंदी होती. इंग्रज सरकार काटकसरीला लागलं होतं. ऑक्टोबर १९३१मध्ये हुकूम निघाला, रेडिओ परवडत नाही, बंद. त्यावर इतकी ओरड झाली की पुढच्याच महिन्यात हुकूम मागे घ्यावा लागला, आणि मे १९३२मध्ये रेडिओ कायमचा चालवायचं ठरलं. पैसा कुठून आणला? बाहेरून येणाऱ्या संचांवरचा आयात कर पंचवीस टक्के होता तो पन्नास टक्के केला. म्हणजे रेडिओ विकत घेणाऱ्याच्याच खिशातून रेडिओ चालवला. त्याच वर्षाच्या शेवटी लंडनहून बीबीसीचं साम्राज्यासाठीचं प्रसारण सुरू झालं आणि इथल्या साहेब लोकांनी भराभर संच घेतले. दोनेक वर्षांत परवाने दुप्पट झाले. जून १९३६मध्ये या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं.

मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. बाजाराने रेडिओ चालवून पाहिला होता. तो बाजाराला परवडला नाही, कारण ऐकणारे थोडे आणि विखुरलेले होते. आपल्या गावांचं आजही तसंच आहे.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा फाळणीनंतर भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. देशाचा अडीच टक्के भाग आणि अकरा टक्के लोक, एवढ्यांपर्यंतच आवाज पोहोचत होता. पुढच्याच वर्षी नागपूरला केंद्र झालं, १९५३मध्ये पुण्याला.

पुण्याच्या केंद्रावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तिथे १९५६मध्ये जे झालं ते आपल्या गटांच्या फार जवळचं आहे. युनेस्कोच्या मदतीने फेब्रुवारी ते एप्रिल असा एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ केलं, रेडिओ दिला. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास शेतीचा आणि गावच्या कामांचा कार्यक्रम लागायचा, असे वीस कार्यक्रम. कार्यक्रम संपला की उठून जायचं नाही. बसून चर्चा करायची, ठरवायचं काय ते ठरवायचं, आणि मंडळाच्या निमंत्रकाने त्याचा वृत्तांत लिहून प्रश्न पुणे केंद्राला पाठवायचे. त्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं मिळायची.

आता सांगा, हे काय वेगळं आहे? वीस माणसं, ठरलेला वार, निमंत्रक, इतिवृत्त. आपल्याकडे फक्त बचतीची वही जास्तीची.

या प्रयोगाचा अभ्यास मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून झाला. पॉल न्यूराथ नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी तो केला. त्यांनी नुसती मंडळांची गावं पाहिली नाहीत. रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं पाहिली, आणि रेडिओच नाही अशीही पाहिली. मंडळाच्या गावांतल्या लोकांची माहिती बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वाढलेली निघाली. म्हणजे नुसता रेडिओ ठेवून भागत नाही, त्याभोवती बसावं लागतं. १९५९पासून अशी मंडळं देशभर सुरू केली गेली. आणि याच पुणे केंद्रावरून याच काळात, एप्रिल १९५५ ते एप्रिल १९५६, दर आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायणाची छप्पन्न गीतं प्रसारित झाली. गदिमा आणि सुधीर फडके यांचं ते काम आजही घराघरांत आहे. वर्षभर एकच मालिका, मध्ये साबणाची जाहिरात नाही. असा धीर कोणत्या व्यापाऱ्याने धरला असता?

शेतीचंच म्हणाल तर तमिळनाडूत तंजावर भागात साठच्या दशकात भाताचं एक नवं वाण इतकं रेडिओवरून पसरलं की शेतकरी त्याला 'रेडिओचं भात'च म्हणू लागले.

इतकं गोड बोलल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. नाहीतर आमच्या सचिव ताई म्हणतील, ऑडिट अर्धंच केलं.

सरकारी पैशावर चालणाऱ्या रेडिओने आपलं काय ऐकणं बरं आणि काय वाईट हे आपल्यासाठी ठरवलं. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. ते आपलेच, पुण्याचे. शास्त्रीय संगीताचे मोठे भक्त. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ला, सरकारला विविध भारती काढावी लागली. शास्त्रीय संगीतासाठी केसकरांनी जे केलं ते मोठं होतंच. पण पंधरा रुपये भरणाऱ्या बाईला विचारलं कुणी होतं, की तुला भाकरी थापताना काय ऐकायचं आहे?

याहून मोठं दुखणं आणीबाणीत दिसलं. जून १९७५मध्ये आणीबाणीची घोषणा रेडिओवरूनच झाली आणि पुढे एकोणीस-वीस महिने रेडिओवर सरकारची एकच बाजू. किशोरकुमारांनी सरकारच्या कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून १९७६मध्ये त्यांची गाणी आकाशवाणीवर बंद केली. परवान्याचे पैसे मात्र सगळ्यांकडून घेतले जातच होते, ज्यांचे भाऊ-नवरे तुरुंगात होते त्यांच्याकडूनही. १९७७च्या निवडणुकीत पहिल्यांदा विरोधी पक्षांना रेडिओवर बोलायला वेळ मिळाला. मग रेडिओ सरकारपासून वेगळा करावा यासाठी बी. जी. वर्गीज यांची समिती बसली, १९७८मध्ये तिचा अहवाल आला. कायदा व्हायला १९९० उजाडलं, आणि तो लागू होऊन प्रसार भारती उभी राहायला १९९७. वीस वर्षं! एवढ्या वेळात आजींच्या मुलीची लग्नं होऊन नातवंडं शाळेत गेली होती. आणि स्वायत्त झालेल्या या संस्थेचा पगारापाण्याचा मोठा भार अजूनही केंद्र सरकारच उचलतं. ज्याच्या हातात पगार, त्याच्याबद्दल कडू बोलणं किती जमणार, हे घरकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

मग परवाना गेला कधी? ऐंशीच्या दशकात. आजींच्या पुस्तकातलं शेवटचं तिकीट त्याच सुमाराचं आहे. ट्रान्झिस्टर घरोघरी झाले होते, टीव्ही येत होता. घराघरांतून छोटी छोटी रक्कम गोळा करणं सरकारला जड झालं. त्याआधीच, नोव्हेंबर १९६७पासून, विविध भारतीवर जाहिराती आल्या होत्या, आणि त्यांची सुरुवात झाली मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच केंद्रांवर.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. इंग्लंडमध्ये दारोदारचा हा परवाना अजून आहे. १९२२मध्ये दहा शिलिंगांपासून सुरू झाला. आता तो टीव्हीसाठी द्यावा लागतो आणि एप्रिल २०२५पासून वर्षाला एकशे साडेचौऱ्याहत्तर पौंड झाला. न भरल्यास कोर्टात खटला. आणि तिथे असं दिसून आलं की दोषी ठरणाऱ्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त बायका असतात. बायका काही जास्त बुडवतात म्हणून नव्हे. तपासनीस दिवसा येतो, दार बाई उघडते, कागदावर नाव तिचं लागतं. हे वाचलं आणि मला वसुलीवाल्यांची आठवण झाली. खासगी फायनान्सचा माणूस दारात आला की नवरा मागच्या दाराने शेतात जातो आणि उत्तर द्यायला उभी राहते ती बाई. फ्रान्सने २०२२मध्ये असा परवाना काढून टाकला. आपण तो आधीच काढला, हे मला बायकांच्या दृष्टीने बरंच वाटतं.

पण त्यात एक नुकसानही झालं. आजींच्या पेटीत निदान एक कागद होता. आम्ही पैसे भरले आहेत असं म्हणायला शिक्का होता. आपल्या हातात तोही नाही. त्यामुळे आपण देतो हेच आपण विसरलो.

आपण किती देतो, हे मी सचिव ताईंसाठी काढून पाहिलं. प्रसार भारतीला, म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन दोन्ही मिळून, गेली काही वर्षं केंद्राच्या अर्थसंकल्पातून साधारण अडीच हजार कोटी रुपये वर्षाला मिळतात. यंत्रसामग्री सुधारण्यासाठी जानेवारी २०२३मध्ये आणखी २,५३९ कोटींची योजना मंजूर झाली, ती वेगळी, काही वर्षांत मिळून खर्च करायची. वार्षिक रक्कम एकशे चाळीस कोटी लोकांत वाटली तर माणशी अठरा रुपये येतात. पाच माणसांच्या घराला नव्वद. आजींनी सहा दिवसांची मजुरी दिली होती, आज ती अर्ध्या दिवसाचीही नाही.

अठरा रुपयांत मिळतं काय? आकाशवाणी सांगते की तिचा आवाज देशाच्या ९२ टक्के भूभागावर आणि ९९ टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत जातो. खासगी एफएमवाले शहरात आहेत, कारण जाहिराती शहरात आहेत. गोंदियाच्या किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या बाईसाठी हवामान सांगायला कोण पैसे देईल? जून २०२०मध्ये निसर्ग वादळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी 'मोबाइलवर सगळं मिळतं' हे वाक्य खरं राहत नाही. दोन सेलवर चालणाऱ्या रेडिओला गावात मनोरा लागत नाही, आणि तो ऐकायला रिचार्ज मारावा लागत नाही.

आणखी एक कारण आहे, ते आपल्या या रेडिओचं. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. खटला क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून सुरू झाला होता, पण निकाल आपल्या कामी आला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे तो निकाल देणाऱ्यांपैकी एक, आपल्या महाराष्ट्राचे. त्यानंतर २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. २००८मध्ये आजच्या तेलंगणातल्या झहीराबादजवळ दलित शेतकरी बायकांनी संगम रेडिओ सुरू केला, साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. आपला रेडिओ या साखळीतलाच. पण नियम असा आहे की आपल्याला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात. म्हणजे उद्या आकाशवाणीचा बातमी विभाग आटला, तर आपल्या गावाच्या रेडिओवरही बातमी आटली. हा नियम बदलायला हवा असं माझं ठाम मत आहे. बदलत नाही तोवर मात्र त्यांचा दिवा मालवला तर अंधार आपल्याच घरात होतो.

आणि तो मालवायला सुरुवात झालेली आहे. नागपूरच्या शक्तिशाली प्रक्षेपकावरून १९८८पासून रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी डिसेंबर २०१८मध्ये काटकसरीसाठी बंद करण्याचा आदेश निघाला. पिकाला पाणी द्यायला रात्री रानात असणारे किती जण ती ऐकत असतील! जून २०२३मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला नेण्याचं ठरलं. पुण्यात ओरड झाली, वर्तमानपत्रांनी लावून धरलं, नेत्यांनी पत्रं लिहिली, आणि निर्णय थांबला. मला १९३१ आठवलं. तेव्हाही हुकूम काटकसरीचा होता आणि ओरडल्यावर मागे गेला.

म्हणून माझं मत असं झालं आहे, की अठरा रुपये द्यावेत, आणि पावती मागावी. माझी पहिली तक्रार वेळेची आहे. बायकांचे कार्यक्रम वर्षानुवर्षं दुपारी ठेवले गेले, जणू सगळ्या बायका जेवण आटोपून पलंगावर बसलेल्या असतात. खुरपायला गेलेल्या बाईला दुपारी कुठला रेडिओ? दुसरी तक्रार, जिल्ह्याच्या केंद्रावर आपल्या जिल्ह्याचं कमी आणि बाहेरून जोडून घेतलेलं जास्त ऐकू येतं.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत मांडलं. सचिव ताईंना पूर्ण पटलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. त्या म्हणाल्या, "वादळाचं पटलं. बातम्यांचं निम्मं पटलं. एसटीचं माझं म्हणणं तसंच आहे." आकाशवाणीच्या आपल्या जवळच्या केंद्राला पत्र लिहायचं मात्र ठरलं आहे. शेतीचा आणि बायकांचा एकेक कार्यक्रम रात्री आठनंतर लावा, आणि महिन्यातून एकदा गटांनी पाठवलेल्या प्रश्नांना उत्तरं द्या, १९५६ला पुणे केंद्र द्यायचं तशी. मसुदा मी लिहिला. सचिव ताईंनी त्यात सगळ्यात वर एक ओळ घालायला लावली, की आम्ही अमुक गावच्या अमुक गटाच्या बारा जणी, दर घरी वर्षाला नव्वद रुपये भरतो. आजींनी अंगठा उठवायला नकार दिला आणि सही केली.

ज्या गटांना असं पत्र पाठवायचं असेल त्यांनी आपल्या सहयोगिनीकडून मसुदा मागून घ्या. गावाचं नाव आणि सभासदांची संख्या तेवढी आपली घाला.